सिंदखेड राजा : जिजाऊंचे माहेर

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा या तालुक्याच्या गावात नागपूर-मुंबई जुन्या रस्त्याला लागूनच एक उंच दगडी प्रवेशद्वार उभे आहे. मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या एस.टी.च्या खिडकीतूनही ते दिसते. हे लखुजी जाधवरावांच्या राजवाड्याचे महाद्वार. परंपरेप्रमाणे शके १५१९ च्या पौष पौर्णिमेला, म्हणजे १२ जानेवारी १५९८ रोजी, याच वाड्यात लखुजींच्या कन्या जिजाबाईंचा जन्म झाला. शिवाजी महाराजांच्या आईचे जन्मगाव म्हणून सिंदखेडला आज 'मातृतीर्थ' म्हणतात आणि त्या नावाने सारा बुलढाणा जिल्हा ओळखला जातो.

हे नाव गोड असले तरी इतिहासाशी तंतोतंत जुळत नाही. जिजाबाई आई झाल्या त्या इथून दूर. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवरचा. आईपणाचा सारा पराक्रम पुणे, राजगड आणि रायगडाच्या परिसरात घडला. सिंदखेडला त्या लेक होत्या, आणि त्याही मोजकी वर्षे. लग्न होऊन त्या भोसल्यांच्या घरी गेल्या तेव्हा त्यांचे वय सात-आठ वर्षांचे असावे. सिंदखेड हे त्यांचे माहेर आणि शिवाजी महाराजांचे आजोळ. गावातल्या जुन्या वास्तूंपैकी एकही जिजाऊंच्या स्मरणार्थ बांधलेली नाही. वाडे, तलाव, बारवा, देवळे, छत्री हे सगळे जाधवांनी आपल्या गरजेसाठी, वैभवासाठी आणि मृतांसाठी उभारले. त्या सगळ्याला लेकीचे स्मारक मानण्याची रीत मात्र बरीच अलीकडची आहे. त्यामुळे या गावात एकावर एक असे दोन इतिहास वाचावे लागतात.

गावाच्या नावातला 'राजा' जाधव घराण्याकडून आला. आसपासची आणखी काही गावे तोच शब्द शेवटी लावून मिरवतात: देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा. नकाशावर ही नावे जोडत गेले की जाधवांच्या शाखा कुठे कुठे नांदत होत्या याचा अंदाज येतो. देऊळगाव राजाच्या बालाजी संस्थानाशीही जगदेवराव जाधवांचे नाव निगडित आहे. हे घराणे स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानते. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीचे राज्य बुडाले, 'यादव'चा 'जाधव' झाला, आणि राजवंशाचे लोक देशमुखीच्या वतनावर आले, अशी ही परंपरा. सिंदखेडची देशमुखी त्यांच्याकडे होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लखुजींच्या काळात या देशमुखीला फौजेचे बळ मिळाले, तेव्हा हे घराणे दख्खनच्या राजकारणातले एक वजनदार पारडे बनले.

पारडे हा शब्द येथे चपखल बसतो. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले होते. दौलताबादच्या बाजूला निजामशाही अजून तग धरून होती. सिंदखेड या दोन सत्तांच्या सांध्यावर पडत असे. अशा मुलखात हजारो स्वार बाळगणारा देशमुख ज्या बाजूला जाईल ती बाजू जड होई. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर आणि त्याच्याशी लढणारे मोगल, दोघांनाही लखुजी हवे होते. १६२१ च्या सुमारास लखुजी मोगलांकडे गेले, तेव्हा जाधव घराण्याला मिळून चोवीस हजारांची मनसब आणि पंधरा हजार स्वार देण्यात आले, असे इतिहासकार नोंदवतात. एका हिंदू सरदार घराण्यासाठी त्या काळच्या दख्खनमध्ये हा मान असाधारण होता. या वैभवाची खूण म्हणजे सिंदखेडचा वाडा.

राजवाड्याचे आज उरलेले रूप म्हणजे भक्कम महाद्वार, त्याच्या मागे पसरलेली जोती, तळघरातली दालने आणि काही भिंती. हा भुईकोट वाडा होता. डोंगराचा आधार नसलेल्या सपाट जागेवर भिंतींनीच संरक्षण द्यायचे, ही त्याची रचना. आतल्या एका दालनाला म्हाळसा महाल म्हणतात आणि जिजाऊंचा जन्म तिथे झाला असे सांगतात. म्हाळसाबाई हे जिजाऊंच्या आईचे नाव. काही ठिकाणी ते गिरिजाबाई असेही येते. जन्मस्थानी आता जिजाऊ आणि बाल शिवबा यांची मूर्ती आहे. मुलाला कुशीत घेतलेली आई ही प्रतिमा महाराष्ट्रात इतकी रुजली आहे की तिच्याशिवाय जिजाऊ डोळ्यांपुढे येतच नाहीत. या वाड्याला ती प्रतिमा मिळाली हे समजण्यासारखे आहे. पण इथे खरे तर अंगणात खेळणारी सात वर्षांची मुलगी शोभली असती.

ती मुलगी एका कथेत भेटते, आणि त्या कथेची जागाही गावात आहे. रंगमहाल नावाची वास्तू जाधवांच्या रंगपंचमीची मानली जाते. बखरींतून आलेली गोष्ट अशी: मालोजी भोसले लहानग्या शहाजीला घेऊन जाधवांकडे रंगपंचमीला आले होते. मुले एकमेकांवर गुलाल उधळू लागली. ते पाहून लखुजी कौतुकाने बोलून गेले की जोडा छान शोभतो. मालोजींनी हा शब्द उचलून धरला आणि सोयरीक ठरल्याचे सभेला सांगितले. लखुजींच्या घरी हे रुचले नाही, कारण भोसले तेव्हा जाधवांच्या तोलाचे नव्हते. पुढे मालोजींचा दर्जा वाढला आणि लग्न झाले. गोष्टीतले तपशील बखरकारांच्या हौसेचे असू शकतात. दोन घराण्यांतल्या दर्जाच्या अंतराची जाणीव मात्र तीत खरी उतरली आहे. लग्न १६०५ च्या सुमारास झाले. त्यात निजामशहाने मध्यस्थी केली असेही सांगतात. निजामशाहीच्या सोयीची ही सोयरीक होती यात शंका नाही. सीमेवरची दोन लढवय्यी घराणी त्यामुळे एका धाग्यात आली.

तो धागा फार काळ टिकला नाही. दौलताबादच्या दरबारातून बाहेर पडताना खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला आणि त्याला आवरण्यावरून जाधव-भोसल्यांत तलवारी निघाल्या. जिजाऊंचे भाऊ दत्ताजी जाधव या भांडणात भोसल्यांकडच्या संभाजीच्या हातून मारले गेले. हा संभाजी म्हणजे शहाजीराजांचा चुलतभाऊ, विठोजींचा मुलगा. मुलाच्या मृत्यूची बातमी कळताच लखुजी वाटेतून परत फिरले आणि त्यांनी संभाजीला ठार केले. शहाजीराजे जखमी झाले. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात हा प्रसंग आला आहे. जिजाऊंच्या बाजूने पाहिले तर एकाच दिवशी भाऊ सासरच्या माणसाने मारला आणि दीर बापाने. पुढे १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला मलिक अंबराने मोगल आणि आदिलशाहीच्या फौजांचा पराभव केला, तेव्हा सासरा मोगलांच्या बाजूला होता आणि जावई मलिक अंबराच्या. सिंदखेड आणि भोसल्यांचे घर यांच्यात माहेरी-सासरी करण्याइतकी वाट या काळात मोकळी राहिली नव्हती.

लखुजींचा शेवट त्यांच्या राजकारणाला साजेसा, पण फार क्रूर झाला. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. निजामशाहीला सरदारांची गरज होती आणि लखुजी पुन्हा तिकडे वळले. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस दरबारात बोलावून निजामशहाने त्यांना दगा केला. लखुजी, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी आणि नातू यशवंतराव अशा तिन्ही पिढ्या एकाच दिवशी कापल्या गेल्या. बाहेर असलेली घरची मंडळी निसटून सिंदखेडला पोचली आणि उरलेले जाधव मोगलांकडे गेले. या हत्येनंतर शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. त्या दिवसांत जिजाऊ गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. बाप, भाऊ आणि भाचा यांच्या हत्येला तेव्हा सात महिनेही झाले नव्हते. परक्या सत्तांसाठी जीव देणाऱ्या मराठा सरदारांच्या नशिबी काय येते, हे जिजाऊंना कोणी शिकवावे लागले नव्हते. स्वराज्याची प्रेरणा शोधताना पोथ्या-पुराणातल्या गोष्टींचे दाखले नेहमी दिले जातात. दौलताबादेतला हा एक दिवस त्यांच्या आधी मोजायला हवा.

सिंदखेडची सर्वांत भव्य वास्तू याच दिवसाची आहे. गावात लखुजींची छत्री, म्हणजे समाधी आहे. उंच जोत्यावरची दगडी बांधणी, कमानी आणि तिचा एकंदर आकार पाहिला की सरदाराची नव्हे, राजाची समाधी वाटते. हिंदू राजपुरुषाची देशातली सर्वांत मोठी समाधी असा तिचा उल्लेख गावकरी आणि पर्यटन पुस्तिका करतात. असे दावे मोजपट्टी लावून तपासण्याच्या फंदात कोणी पडत नाही, पण एवढे खरे की सतराव्या शतकातल्या मराठा स्मृतिवास्तूंमध्ये तिच्या तोडीच्या फार थोड्या आहेत. कमानींची घडण दख्खनच्या सुलतानी इमारतींशी नाते सांगते. निजामशहाच्या दरबारात मारल्या गेलेल्या माणसाचे स्मारक निजामशाही कारागिरीच्या वळणाचे असावे, यात त्या काळच्या लोकांना विसंगत काही वाटले नाही. कारागीर तेच होते आणि शैलीही सगळ्यांची होती.

या छत्रीने अलीकडेच एक अनपेक्षित गोष्ट उघड केली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडून तिथे संवर्धनाचे काम चालू असताना जमिनीत दगड दिसू लागले. खोदत गेल्यावर मंडपाचा पाया लागला. जून २०२४ मध्ये सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. लांबी १.७० मीटर, उंची १ मीटर. शेषावर पहुडलेला विष्णू, पाय चेपणारी लक्ष्मी आणि समुद्रमंथनाचे शिल्प, असा तिचा थाट आहे. क्लोराइट शिस्ट या मऊ, कोरीव कामाला सोप्या दगडात ती घडवली आहे. हा दगड दक्षिणेतल्या मूर्तिकामात विशेष आढळतो. याच जिल्ह्यातल्या मेहकरला १८८८ मध्ये जमिनीतून निघालेला शारंगधर बालाजी प्रसिद्ध आहे, त्यामुळे सिंदखेडच्या मूर्तीची बातमी इथल्या लोकांना एकदम ओळखीची वाटली. तिचा खरा अर्थ वेगळा आहे. जाधवांनी वाडे बांधले ते ओसाड माळावर नव्हे, तर मंदिरे आणि मूर्ती असलेल्या जुन्या, नांदत्या वस्तीवर. छत्रीच्या पायाखाली तिचाच एक थर मिळाला.

त्या जुन्या थराची आणखी दोन ठिकाणे जमिनीवर आहेतच. रामेश्वराचे मंदिर जाधवांच्या कितीतरी आधीचे, आठव्या ते दहाव्या शतकातले मानतात. निळकंठेश्वराचे मंदिरही प्राचीन. त्याचा जीर्णोद्धार लखुजींनी केल्याचे तिथला शिलालेख सांगतो. त्याच्या लगत पायऱ्यांची बारव आहे. जाधव मंडळी इथे पूजेला येत. लखुजींनी नव्या देवळाऐवजी जुन्याचा उद्धार केला, हे यादव वंशाचा वारसा सांगणाऱ्या घराण्याला शोभणारेच होते.

सिंदखेडचे खरे वैभव मात्र पाण्यात आहे, आणि पाहुणे बहुधा तिकडे पाठ फिरवून जातात. हा मुलूख पावसाळी ढगांनी हात आखडता घेण्याचा. मराठवाड्याला लागून असलेल्या या पट्ट्यात चार महिने पाऊस पडतो आणि आठ महिने त्याचीच पुंजी पुरवावी लागते. हजारो घोडी, हत्ती आणि माणसे बाळगणाऱ्या सरदाराला वाड्याआधी तलाव लागतो. जाधवांनी ते जाणले होते.

मोती तलाव हा त्या कामाचा उत्तम नमुना. ओढ्याचे पाणी दगडी बांधाने अडवले आहे आणि त्या बांधाचा दर्शनी भाग किल्ल्याच्या तटासारखा घडवला आहे. पायऱ्या, कमानी, बसायला गोख, हे सारे त्या भिंतीतच. पाणी सोडण्याची व्यवस्थाही याच बांधणीत बसवली आहे, त्यामुळे उपयोगाचे काम आणि मिरवण्याचे काम वेगळे काढता येत नाही. बांधावर उभे राहिले की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला भिजणारी शेते, अशी ही योजना. चांदणी तलावात तर पाण्याच्या मधोमध तीन मजली इमारत उभी आहे. पाणी चढले की खालचे मजले बुडतात आणि वरचा तरंगतो आहे असा भास होतो. उन्हाळ्यात थंडाव्याला बसण्याची ही जागा. आज ज्याला कोणी चैन म्हणेल, ती चैन दुष्काळी मुलखात फक्त भरपूर पाणी साठवू शकणाऱ्यालाच परवडते.

बारवांपैकी सजना बारव गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी होती. पायऱ्यांनी खोल उतरत जाणारी ही विहीर केवळ पाणी काढण्याची जागा नव्हती. तिच्यातून भूमिगत नळांनी वस्तीकडे पाणी नेण्याची सोय केलेली होती. औरंगाबादेत मलिक अंबराने नहरींचे जाळे बांधले ते याच काळात, आणि सिंदखेडचे जाधव व मलिक अंबर कधी एका छावणीत तर कधी समोरासमोर होते. जलविद्येच्या बाबतीत दख्खनमध्ये शत्रुमित्र भेद फारसा नव्हता असे दिसते. पुतळा बारव नावाप्रमाणेच शिल्पांची आहे. आतल्या भिंतीत मूर्ती आणि कोरीव काम आहे, आणि पाणी भरायला येणाऱ्या बायकांना दिवसातून दोनदा ते पाहायला मिळत असे. वाड्यात जन्मलेली जिजा पाण्याला गेली नसेल. पण ज्या गावाच्या कारभारात पाण्याची मोजदाद सर्वांत आधी होत असे, त्या गावातच तिचे बालपण गेले. पुढे पुण्याच्या उजाड जहागिरीची नवी घडी बसवताना शेती आणि वस्ती यांकडे तिने दिलेले लक्ष पाहता, हे संस्कार कुठले याचा माग माहेरापर्यंत जातो.

संरक्षणाची कामेही गावात आहेत. काळा कोट नावाच्या गढीच्या भिंती वीस फुटांच्या आसपास जाडीच्या आहेत; साकरवाडाही भक्कम भिंतींचा आहे. साकरवाड्याच्या आतून विहिरीकडे जाणारी भुयारी वाट आहे. वेढा पडला तर पाणी तुटू नये, एवढ्यासाठी ती. म्हणजे तटबंदीचा विचारही शेवटी पाण्याशी येऊन थांबतो.

लखुजींनंतर जाधव मोगलांकडे राहिले, पण सगळे नव्हे. अचलोजींच्या वंशातले धनाजी जाधव मराठ्यांचे सेनापती झाले आणि राजाराम-ताराबाईंच्या काळात औरंगजेबाच्या फौजांना त्यांनी जेरीस आणले. शिवाजी महाराज आजोळाच्या सर्वांत जवळ पोचले असतील ते १६७९ च्या नोव्हेंबरात, जालन्याच्या स्वारीत. जालना सिंदखेडहून एका दिवसाच्या मजलेवर आहे. तोपर्यंत जिजाबाई वारून पाच वर्षे झाली होती आणि सिंदखेडवर मोगलांचा अंमल होता.

अठराव्या शतकात हा परिसर पुन्हा पुन्हा रणभूमी झाला. १७२४ मध्ये आजच्या सिंदखेड राजा तालुक्यातल्याच साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया घातला. १७५७ च्या अखेरीस निजामाचे सरदार रामचंद्र जाधव सिंदखेडात अडकले होते. त्यांच्याभोवती निजाम आणि पेशव्यांच्या फौजा झुंजल्या. दत्ताजी शिंदे आणि पेशव्यांचा कोवळा मुलगा विश्वासराव या मोहिमेत होते. शेवटी साखरखेर्ड्याचा तह होऊन निजामाने पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग दिला. १८०४ च्या आरंभी, दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळात, जनरल वेलस्लीचा तळ या भागात पडला. त्याने सिंदखेडला चोरांचा अड्डा ठरवले आणि भुकेने मरणाऱ्या लोकांबद्दल लिहिले. तो दुष्काळ महाराष्ट्रभर पसरलेला होता. तलाव-बारवांच्या गावावर ही पाळी आली, कारण पाणी साठवणारी व्यवस्था टिकवायला तिची निगा राखणारी सत्ताही टिकावी लागते.

घराण्याच्या सत्तेचा शेवट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात झाला. जाधवांच्या पदरच्या अरब शिपायांनी निजामाच्या फौजेशी लढाई केली. तिचा ठपका बाजीराव जाधवांवर आला, वतन जप्त झाले आणि ते कैदेतच वारले. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. धनी गेल्यावर वाड्यांचे जे होते तेच सिंदखेडचे झाले. दगड निखळले, चुना झडला, आवारात गवत माजले. महाद्वार तेवढे रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

जिजाऊंचे पहिले स्मारक सिंदखेडपासून फार दूर आहे आणि ते त्यांच्या मुलाने बांधले. रायगडावरचा वारा म्हातारपणी मानवत नाही म्हणून महाराजांनी पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला होता. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला पाचाडात जिजाबाईंनी देह ठेवला. तिथली समाधी, वाड्याचे तट आणि तक्क्याची विहीर आजही पाहायला मिळते. विहिरीवर टेकून बसायला दगडी तक्क्या आहे. महाराज तिथे बसत असे सांगतात. लखुजींच्या छत्रीपुढे पाचाडची समाधी अगदी साधी. बापाचे स्मारक राजासारखे आणि लेकीचे एखाद्या घरातल्या वृद्धेसारखे, ही तुलना कोणालाही खटकेल. पण पाचाडची समाधी राज्य उभे राहिल्याच्या पंधरवड्यात गेलेल्या राजाच्या आईची आहे. तिला भव्यतेची गरज नव्हती.

विसाव्या शतकात शहरांनी आपापल्या परीने जिजाऊंचे नाव घेतले. पुण्यात महानगरपालिकेने १९८४ ते १९८८ या काळात नवा लालमहाल बांधला. जिजाऊ आणि बाल शिवाजी जिथे राहत तो जुना लालमहाल केव्हाच नाहीसा झाला होता. तिथे सोन्याच्या नांगराने पुण्याची उजाड जमीन नांगरल्याचा प्रसंग शिल्पात दाखवला आहे. मुंबईत १८६२ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया गार्डनचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले, तरी लोक तिला राणीची बागच म्हणतात; कोणती राणी, हे विचारायची गरज आता उरलेली नाही. १८८७ ची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झाली. व्ही.जे.टी.आय. ही आद्याक्षरे मात्र तशीच राहिली, आणि नाव बदलताना इतकी काटकसर क्वचितच कोणी साधली असेल. १९९९ मध्ये टपाल खात्याने जिजाबाईंचे तिकीट काढले.

या सगळ्यात जन्मगाव मागेच होते. ते पुढे आले ते १९९० नंतर. त्या वर्षी १ सप्टेंबरला पुरुषोत्तम खेडेकर यांनी मराठा सेवा संघ स्थापन केला आणि १२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव सिंदखेड राजाला मोठ्या प्रमाणावर होऊ लागला. पहाटे राजवाड्यात जन्मस्थानी पूजा होते. जाधवांचे वंशज तिथे असतात. दिवस वर आला की गर्दी गावाबाहेर जिजाऊ सृष्टीकडे सरकते. ही जागा संघाने स्मारकासाठी घेतली आणि तिथे टप्प्याटप्प्याने बांधकाम होत आले आहे. जन्मोत्सवातल्या पुस्तकांच्या दुकानांची ख्याती मोठी आहे. तिथे वैचारिक पुस्तकांची मोठी विक्री होते. १२ जानेवारी २००५ रोजी शिवधर्म या नव्या धर्माची घोषणा इथेच झाली. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती आणि १२ जानेवारीला जिजाऊंची, म्हणून मधले दहा दिवस 'जिजाऊ-सावित्री दशरात्रोत्सव' म्हणून पाळण्याचा प्रघात पडला आहे. पौष पौर्णिमेच्या तिथीऐवजी इंग्रजी तारीख रुजली ती याच काळात. त्याच तारखेला स्वामी विवेकानंदांचीही जयंती असल्याने राज्यातल्या शाळांच्या व्यासपीठावर दोन तसबिरी शेजारी ठेवलेल्या असतात.

या उत्सवामागचे राजकारण आणि समाजकारण हा वेगळा विषय आहे. गावापुरते बोलायचे तर त्याने दोन गोष्टी केल्या. एक, महाद्वारापाशी न थांबता निघून जाणारे लोक थांबू लागले. दुसरी, स्मारक म्हणजे नवे बांधकाम हा समज पक्का झाला. सातारा जिल्ह्यातल्या नायगावला सावित्रीबाईंचे जन्मघर उभे आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला, अहिल्याबाई होळकरांच्या जन्मगावी, त्यांच्या त्रिशताब्दीनिमित्त ६ मे २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकच भरली. जन्मगावांचे विकास आराखडे आता सरकारी कामकाजाचा भाग झाले आहेत आणि सिंदखेड राजाचाही तसा आराखडा आहे. पण नायगावात एक घर जपायचे आहे; सिंदखेडात आख्खे गाव. तलावाच्या बांधावर वाढलेले पिंपळ, बारवेत साचलेला गाळ आणि काळ्या कोटाच्या ढासळत्या भिंती यांना पुतळ्यांपेक्षा जास्त पैसा लागतो आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. छत्रीच्या दुरुस्तीत शेषशायी सापडला, हा जुनी वास्तू जपण्याच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा ठरावा.

समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी असा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला मुंबईपर्यंत पूर्ण झाला. सिंदखेड राजाला त्यावर उतरण्याची सोय आहे. जुना रस्ता राजवाड्याच्या दारातून जात असे. नवा गावाला वळसा घालतो, त्यामुळे आता महाद्वार पाहायला मुद्दाम उतरावे लागते. १२ जानेवारीच्या गर्दीत राजवाड्यापलीकडे जाता येत नाही. पावसाळा संपता संपता, मोती तलाव आणि चांदणी तलाव भरलेले असताना गेले तर राजवाडा, रंगमहाल, लखुजींची छत्री, निळकंठेश्वर आणि दोन्ही बारवा एका दिवसात पाहून होतात.